तुम्ही विचारलंत म्हणून: दिव्यांच्या पेटीतला माणूस

माझ्या नाटकाच्या दिव्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलाय. लांबट चेहरा, खोल डोळे. तालमीला येणारं प्रत्येक नवं पोर विचारतं, "काका, हे कोण? तुमचे वडील का?"

नाही रे बाबा. हा लुई जुवे, फ्रेंच नट. १८८७ साली ब्रिटनीतल्या क्रोझाँला जन्मलेला. घरच्यांनी औषधशास्त्राला घातला, याचं चित्त नाटकात. पॅरिसच्या सरकारी नाट्यशाळेने तीनदा परत पाठवला. बोलताना अडखळायचा. ते अडखळणं लपवता लपवता तुटक, शब्द ठोकून बसवल्यासारखं बोलणं तयार झालं आणि तीच त्याची ओळख ठरली.

मला तो आपला वाटतो ते वेगळ्या कारणाने. दिग्दर्शक जाक कोपोच्या पॅरिसमधल्या व्यू-कोलोंबिए थिएटरात तो नट होता आणि बॅकस्टेजचाही माणूस होता. नेपथ्य बघायचा, दिवे बघायचा. एका जातीच्या दिव्यांना तर त्याच्यावरून 'जुवे' म्हणायला लागले. नटाच्या नावाने पुतळा असतो, रस्ता असतो. पण दिवा?

१९२३ साली त्याने ज्यूल रोमँचं 'नॉक' हे नाटक केलं. खेड्यात नवा डॉक्टर येतो आणि धडधाकट गावाला आजारी असल्याचं पटवून देतो. पहिला पेशंट गावचा दवंडीवाला. म्हणतो, जेवण झालं की कधी कधी इथे गुदगुल्या होतात, म्हणजे खाजतंच म्हणा ना. डॉक्टर झालेला जुवे त्याला थांबवतो. घोळ नको. गुदगुल्या होतात, की खाजतं? १९५१च्या सिनेमात हे बघा. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. दवंडीवाला बिचारा खरंच विचारात पडतो, आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाने हा डॉक्टर करावा, ही गंमत वेगळीच.

पुढे एखादं नवं नाटक पडलं की तो 'नॉक' पुन्हा लावायचा. गल्ला भरायचा, मग पुढचं धाडस. सिनेमाही बराचसा त्याचसाठी. १९३८चा 'ओतेल द्यु नॉर', १९४७चा 'के देझोर्फेव्र', असे तीसेक सिनेमे झाले, पण पैसा वळायचा पॅरिसच्या अतेने थिएटरकडे, जे त्याने १९३४ पासून चालवलं. आमच्याकडचे नट दिवसा मालिकेचं शूटिंग करून रात्री प्रायोगिकच्या तालमीला डोळे चोळत येतात, तेव्हा मला हाच आठवतो.

१९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस सोडून मंडळी घेऊन तो दक्षिण अमेरिकेत गेला, युद्ध सरत आल्यावर परतला. ऑगस्ट १९५१ मध्ये अतेनेतच, नव्या नाटकाचं काम चालू असताना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, १६ तारखेला, त्याच इमारतीत गेला. वय ६३. आता थिएटरला त्याचं नाव आहे.

एवढं ऐकून परवा एकाने विचारलं, "मग तो 'जुवे' आहे का आपल्याकडे?"

नाही. आपल्याकडे सहा पार, म्हणजे साधे डब्यासारखे स्टेजचे दिवे आहेत, त्यातला एक उडालाय. शिडी धर.