पत्र लिहिण्यास कारण की

"ठुमऱ्याच्या लोंबीत गड्डूने तीन भिसके वेरले. पण पाऊस झेमटल्यामुळे ते खुबले. तेव्हापासून गड्डू लोंबीकडे फिरकला नाही."

गेल्या महिन्यात नववी 'ब'च्या फळ्यावर मी हा उतारा लिहिला. खाली तीन प्रश्न. गड्डूने किती भिसके वेरले? भिसके का खुबले? गड्डूच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

पहिल्या दोन प्रश्नांना सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी. तिसऱ्याला एकानं लिहिलं, 'मी हवामानाचा अंदाज पाहूनच भिसके वेरले असते. निसर्गापुढे मानव हतबल आहे, तरीही खचून न जाता मी पुन्हा जोमाने भिसके वेरले असते.' पुढे दोन ओळी जिद्द आणि चिकाटी. अक्षर मोत्यासारखं. बोर्डाच्या पेपरात हे आलं असतं तर मीच चांगले गुण दिले असते. भिसके म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. एकानं हात वर केला तेव्हा मला आशा वाटली. तो म्हणाला, "सर, ह्ये पुस्तकातलं हाय का भायेरचं?" बाहेरचं म्हटल्यावर त्यानं वही मिटली.

पोरांना हसण्यात अर्थ नाही, कारण ही विद्या मीच शिकवली आहे. आधी कृती (म्हणजे प्रश्न) वाचा, मग उतारा. कृतीतला शब्द उताऱ्यात सापडला की तिथं बोट ठेवा, मागची-पुढची ओळ उतरून काढा. 2018-19 पासून दहावीला मराठीच्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, चौकटी आणि ओघतक्ते आले, स्वमत आलं. घोकंपट्टी मोडावी हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. आता पोरं चौकटी भरण्यात इतकी तरबेज झाली आहेत की उतारा नसता तरी त्यांनी भरल्या असत्या.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात पडद्यावर आकलनाच्या कार्यनीती झळकल्या. पूर्वानुमान करणे. पुनर्वाचन करणे. मजकुरात न लिहिलेले शोधणे. लेखकाचा हेतू ओळखणे. शेजारच्या बाकावरचे सर मोबाइलवर फोटो काढत होते. मला मात्र आमची थोरली काकी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती.

आमचं गाव पाटण तालुक्यात. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. थोरले काका लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. मी तिसरी-चौथीत होतो तेव्हा आमच्या आळीत पत्र वाचायचं काम माझ्याकडं होतं. वडील शेतात असत आणि पोस्टमन दुपारी येई. कार्ड 15 पैशांचं, त्यामुळे अक्षर बारीक, कडेच्या मोकळ्या जागेतसुद्धा आडव्या ओळी कोंबलेल्या.

पत्र यायचं आजीच्या नावानं. 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, इकडील सर्व क्षेम असून तुमची खुशाली कळवावी.' बायकोला पत्र लिहायची रीत नव्हती. तिचं नाव तर नाहीच. आजी ओसरीवर बसून ऐकायची, तिला निम्मं ऐकू यायचं नाही. काकी आतल्या उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. पत्र कुणासाठी आहे हे आजीलाही ठाऊक होतं, काकीलाही. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, वाचणाऱ्याला.

मी घडाघडा वाचायचो. शाळेत त्याचंच कौतुक व्हायचं. 'कळावे, लोभ असावा' आलं की कार्ड कोनाड्यात ठेवून खेळायला पळायचं. काकी हाक मारायची, "थांब रं. म्होरनं परत वाच. आता सावकाश."

दुसऱ्या वाचनात तिचे प्रश्न सुरू व्हायचे. आक्षार कुनाचं हाय, त्येंचंच का खोलीतल्या लिवनाऱ्याचं? (खोलीत एकजण सगळ्यांची पत्रं लिहायचा. काकांनी स्वतः लिहिलेलं कार्ड वाकडंतिकडं असायचं, आणि ते आलं की काकी सूप खाली ठेवायची.) पैशाचं कुटं लिवलंय, वर का खाली? पावसाचं इचारलंय का? गेल्या टायमाला पोटाच्या दुखण्याचं लिवलं हुतं, त्येचं काय? नाही लिहिलं म्हटलं की ती म्हणायची, "म्हंजी दुखतंयच." मी वाद घालायचो. काकी, असं कुठंच नाहीये. ती तांदळातला खडा बाजूला टाकायची.

काही वेळा तर मी कार्ड वाचायच्या आधीच ती सांगायची, औंदा गनपतीला येत न्हाईत असं असंल बघ. पंचमी झाली तरी रजेचा शब्द नाही, त्यावरून तिनं ते ताडलेलं असायचं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. सुरुवातीला गावात उत्साह होता, लोकं म्हणायची, दोन महिन्यांत पगारवाढ घेऊन येतील. मनिऑर्डर तेवढी थांबली. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठोरी असायची, संदेश लिहायला. पैसे आजीच्या हातात पडले की ती चिठोरी काकी मागून घ्यायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्या वर्षी डब्यात भर पडली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला एक कार्ड आलं. ते मला अजून पाठ आहे, कारण ते मला पाच वेळा वाचावं लागलं. शिरसाष्टांग नमस्कार, पत्र लिहिण्यास कारण की, इकडील सर्व क्षेम आहे, संप लवकरच मिटणार आहे, काळजी करू नये. मुलांना शाळेत पाठवावे. संपाची काळजी करू नये. कळावे. आणि मग आडव्या ओळीत, पत्ता लिहायच्या बाजूला: 'ता. क. म्हशीला चांगले गिऱ्हाईक आल्यास बघावे.'

मी ताजा कलमही त्याच चालीत वाचून टाकला. आजी म्हणाली, बरं हाय म्हणायचं पोरगं. काकी काहीच बोलली नाही. मग तिनं विचारलं, "काळजी करू नगा, असं कितींदा लिवलंय?"

"दोनदा."

"आन् पल्याड, पाटलांच्यात आलेल्या कार्डात?" तेही मीच वाचलं होतं. तिथंही संप लवकर मिटणार होता, शब्दाला शब्द तसाच. फक्त खाली म्हशीऐवजी डोरल्याचं, गळ्यातल्या सोन्याचं लिहिलं होतं. काकीनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. "संप मिटत न्हाई," ती म्हणाली.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे मी पुढे डी.एड.ला असताना वाचलं. काकीला ते चार महिन्यांत, एका ताज्या कलमावरून कळलं होतं.

एवढी वर्षं मराठी शिकवल्यावर मला वाटतं, त्या कार्डातली सगळ्यात खोटी ओळ 'पत्र लिहिण्यास कारण की' हीच होती. कारण तिथं नव्हतंच. ते खाली होतं, पत्त्याच्या बाजूला. काका असं का लिहीत, हेही आता समजतं. पत्र आईच्या नावानं, अर्थ बायकोसाठी, वाचणार चौथीतलं पोर आणि ऐकणार अर्धी आळी. घरात पैसा येणार नाही, म्हैस विका, हे चारचौघांत मोठ्यांदा वाचलं जाणार असेल तर माणूस ते गिऱ्हाइकाच्या आडून लिहितो. मायन्यातलं नाव एकाचं आणि मनातला वाचणारा दुसरा. मजकूर कळायचा तर आधी हा दुसरा सापडावा लागतो. आमच्या कृतिपत्रिकेत त्याला चौकट नाही.

म्हणून गड्डूनंतर मी वर्गात कागद आणायला लागलो. पुस्तकं नाहीत, कागद. विजेचं बिल, दुचाकीच्या कर्जाचं पत्रक, 'दहा जणांना पाठवा' म्हणणारा निरोप. प्रश्न एकच: हे लिहिणाऱ्याला माझ्याकडून काय हवंय, आणि तसं तो सरळ म्हणतोय का? बिलाला काही लपवायचं नसतं, ते सरळ पैसे मागतं, त्यामुळे पोरांना ते कंटाळवाणं वाटलं. कर्जाच्या पत्रकात मात्र 'शून्य टक्के व्याज'पुढची चांदणी शोधताना झुंबड उडाली. वर्तमानपत्राच्या पानावर एका दवाखान्याचं कौतुक बातमीसारखं छापलेलं होतं, त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढा 'जाहिरात' हा शब्द एका मुलीनं पट्टी ठेवून काढला.

सगळ्यात रंगली ती ग्रामसभेची सूचना. गाव कुठलं ते सांगत नाही. सूचनेवरची तारीख आठवडाभर आधीची, पण ती फलकावर चिकटली सभेच्या आदल्या संध्याकाळी. ज्याच्या घरासमोर फलक आहे तो पोरगा माझ्याच वर्गात, त्यानं छातीठोक सांगितलं. "मग ही कुणासाठी लिहिली?" मी विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मागून आवाज आला, "फायलीसाठी, सर." मी त्यांना सांगितलं की कोरम, म्हणजे ठरलेली किमान हजेरी, नाही भरला तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा बोलावली की तिला कोरम लागत नाही. मग त्यांनी ती सूचना परत वाचली, न सांगता. 'सर्व ग्रामस्थांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' या ओळीला काही जण फिसकन हसले. एवढं आकलन मी कधी चौकटीत पाहिलेलं नाही. (मुख्याध्यापकांनी नंतर मला चहाला बोलावून विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं. उपयोजित लेखनात सूचनाफलक बसवता येतो, असं मी म्हणालो.)

सगळं लिहिणं आडपडद्याचं असतं असा पोरांचा समज होऊ नये म्हणून एक दिवस मुक्ता साळवेंचा निबंध वाचला. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली ही मुलगी, वय चौदाच्या आसपास, म्हणजे माझ्या वर्गाएवढीच. ती विचारते, वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता? आणि हा प्रश्न ती थेट देवाला करते. "देवाला लिहिलंय, सर," असं पहिलं उत्तर आलं. मग एकानं विचारलं, देवाला लिहायचं तर छापायचं कशाला? मी सांगितलं, ज्ञानोदय हे अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचं नियतकालिक, 1842 ला अहमदनगरला सुरू झालेलं. आता वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, तिनं वाचता येणाऱ्या वरच्या लोकांना ऐकवलं. दुसरा म्हणे, नाही, आपल्याच माणसांना जागं केलं. तास संपल्याची घंटा झाली तरी भांडत होते. मी निकाल दिला नाही. माझं मत पहिल्या बाजूनं आहे, पण ते त्या दिवशी कामाचं नव्हतं.

घरी येताना मला पुन्हा ते म्हशीचं कार्ड आठवलं. त्याला उत्तर गेलं होतं आणि ते मीच लिहिलं होतं. माझ्या हातचं पहिलं पत्र.

आजीच्या नावानं लिहायचं होतं, पण आजी झोपली होती. काकीनं मला चुलीजवळ बसवलं, पाटावर कार्ड ठेवलं. चिरंजीवास अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम, एवढं मी न विचारता लिहून टाकलं. 'पत्र लिहिण्यास कारण की' लिहून मी पेन उचलून तिच्याकडं बघितलं.

"लिव," ती म्हणाली, "म्हस गाभन हाय. आत्ता इकाया येत न्हाई."

म्हैस तर महिन्यापूर्वीच व्यालेली. रेडकू माझ्यासमोर बांधलेलं होतं.

"काकी, गाभण कुठं आहे?"

"तू लिव."

मी लिहिलं.