जेसीबी विकत घ्यावा की भाड्याने सांगावा? तासाचा हिशेब

नागपुरात वर्धा रोडवर किंवा बुटीबोरीकडे एखादं बरं काम हाती आलं की ठेकेदार सगळ्यात आधी स्वतःच्या जेसीबीचा विचार करतो. 'भाडं भरभरून दुसऱ्याचे हप्ते आपणच फेडतोय' हे त्यामागचं गणित. ते चुकीचं नाही, अर्धवट आहे. मशीन महिन्याच्या हप्त्यावर परवडत नाही, तासाच्या खर्चावर परवडतं. आणि तो खर्च मशीन किती तास चालतं यापेक्षा किती तास उभं राहतं यावर ठरतो.

हिशेब आकड्यांतच पाहू. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी आपल्या कोटेशनमधले घालावेत.

समजा बॅकहो लोडर (आपण ज्याला जेसीबी म्हणतो) जीएसटी सोडून २८ लाखांना पडला. १८ टक्क्यांनी जीएसटी ५ लाख ४ हजार. तुम्ही नियमित जीएसटी भरणारे असाल तर याचं क्रेडिट मिळतं (म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते), पण मग तेवढ्या रकमेवर घसारा (मशीन झिजण्याबद्दल आयकरात मिळणारी वजावट) लावता येत नाही, दोन्हीकडून फायदा नाही. नोंदणीच नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक दराने कर, पण क्रेडिट नाही) असाल तर मशीन ३३ लाखांचं झालं, तिथून पुढचा सगळा हिशेब बदलतो.

पाच वर्षांनी मशीन १२ लाखांना गेलं असं धरू. म्हणजे १६ लाख झिजले, वर्षाला ३ लाख २० हजार. २४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ४८ महिने, तर हप्ता ६१ हजारांच्या थोडा आत येतो आणि एकूण व्याज सव्वापाच लाखांच्या आसपास. पाच वर्षांवर पसरलं तर वर्षाला १ लाख ५ हजार. विमा आणि टॅक्स ४५ हजार. ऑपरेटरचा पगार आणि भत्ता मिळून महिन्याला २५ हजार, वर्षाला ३ लाख. बेरीज ७ लाख ७० हजार. मशीन एक तासही चाललं नाही तरी हा खर्च होणारच.

आता चालण्याचा खर्च. तासाला ५ लिटर डिझेल, ९२ रुपयांनी ४६०. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे त्यावर एक रुपयाही क्रेडिट नाही, पूर्ण रक्कम खर्चातच जाते. ऑइल, फिल्टर, ग्रीस ४०. टायर ३०. बकेटचे दात, पिना, बुश, होज पाइप ५०. मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ६०. तासाला ६४० रुपये झाले.

वर्षाला १,८०० तास चाललं तर स्थिर खर्चाचे तासाला ४२८ आणि हे ६४०, मिळून १,०६८. १,२०० तास चाललं तर १,२८२. फक्त ७०० तास चाललं तर १,७४०. बाजारात डिझेल-ऑपरेटरसह तोच तास १,२०० ला मिळत असेल तर बरोबरीचा बिंदू कुठे येतो? १,२०० वजा ६४०, म्हणजे ५६०. ७ लाख ७० हजार भागिले ५६०, उत्तर १,३७५ तास. त्याच्या खाली विकत घेणं तोट्याचं.

नागपुरात १,३७५ तास भरतात का? जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत काळ्या मातीत मशीन घातलं की ते काढायलाच दुसरं मशीन लागतं. उरले साडेआठ महिने, त्यात होळी, दिवाळी, ब्रेकडाउन. २०० दिवस, रोज ७ तास धरले तर १,४००. म्हणजे अगदी काठावर, आणि तेही रोज काम असेल तर. लेआउट, रस्ते, पाइपलाइन करणाऱ्याला हे जमतं. घरं बांधणाऱ्याला नाही. एका साध्या बंगल्यात फुटिंगचे खड्डे, प्लिंथची भरती, मुरूम पसरवणं सगळं धरून जेसीबीचे २५-३० तास लागतात. त्या मानाने वर्षाला ४६ ते ५५ बंगले हवेत. एवढे बंगले घेणारा माणूस हा लेख वाचत बसणार नाही.

'मोकळं असेल तेव्हा भाड्याने देऊ' हे उत्तर हमखास येतं. द्यावं, पण मग तो भाड्याचा वेगळा धंदा झाला. त्यात उधारी आहे, चुकाऱ्यासाठी फोन करणं आहे, आणि नेमकं आपल्याला गरज असते त्या दिवशी मशीन कळमेश्वरला असणं आहे.

मार्चएंडला टॅक्स वाचवायला मशीन घेणाऱ्यांसाठी थोडं. आयकरात यंत्रसामग्रीला १५ टक्के घसारा मिळतो, पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. २८ लाखांच्या साडेसात टक्क्यांनी २ लाख १० हजारांची वजावट झाली, आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्येसुद्धा प्रत्यक्ष वाचले ६३ हजार. एका हप्त्याएवढे. आणि उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजे नफा दाखवून विवरणपत्र भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही.

भाड्याने सांगताना

दर ठरवणं सोपं असतं. भांडण होतं ते दराच्या आजूबाजूला. अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं) साइटवर सुरू की मालकाच्या यार्डातून? किमान किती तासांचं बिल? डिझेल कोणाचं? ऑपरेटरचा भत्ता दरात की वर? होज फुटून मशीन दोन तास उभं राहिलं तर ते तास धरायचे का? हे सगळं पहिल्याच चलानवर लिहून घ्यावं. मशीन आलं आणि गेलं, दोन्ही वेळी अवर मीटरचा फोटो. इंजिन चालू आहे तोवर मीटर चालतं, बकेट हलो न हलो. मे महिन्यात ४५ अंशांत ऑपरेटर एसीसाठी इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसला तर माणूस म्हणून त्याची चूक नाही, पण ते तास तुमच्या बिलात येतात. खड्ड्यांची चुन्याची आखणी मशीन यायच्या आधी झालेली असेल तर ही वेळच येत नाही. मशीन उभं आणि मिस्त्री दोरी धरून, हे दृश्य फार महाग पडतं.

लॉगबुक

स्वतःचं मशीन असेल तर एक वही पुरे. रोज पाच रकाने: सुरुवातीचं मीटर, शेवटचं मीटर, भरलेलं डिझेल, काय काम केलं, किती वेळ उभं राहिलं. डिझेलची सरासरी नेहमी टाकी फुल ते टाकी फुल काढायची. काट्यावर विश्वास ठेवून काढलेली सरासरी कधीच जुळत नाही. आठवड्याला ४० तास आणि २०० लिटर असेल तर ठीक. तेच २६० लिटर झालं तर साडेसहाची सरासरी, मग शोधायला लागा. ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावला होता का, मुरूम कडक होता का, एअर फिल्टर चोंदला का, की डिझेल दुसरीकडे गेलं. चोरीचा संशय शेवटी घ्यावा, पण घ्यावा.

ड्रममधलं डिझेल हा वेगळाच घोर आहे. ड्रम उघड्यावर उभा ठेवला की झाकणावर साचलेलं पाणी आत जातं. ड्रम आडवा, थोडा तिरपा ठेवावा, तळाचं दोन बोटं डिझेल मशीनमध्ये घालू नये, आणि वॉटर सेपरेटरचं पाणी रोज सकाळी सोडावं. कॉमन रेल इंजिनच्या इंजेक्टरला (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या भागाला) पाणी सहन होत नाही आणि त्याच्या दुरुस्तीचं बिल वर धरलेल्या ६० रुपयांत बसत नाही.

ग्रीस दर दहा तासांनी, म्हणजे रोज. ते टाळलं की पिन-बुश खातात, मग भोक मोठं होतं, मग लाइन बोअरिंग, म्हणजे ते भोक नव्याने कापून सरळ करणं. उन्हाळ्यात रेडिएटरची जाळी धुळीने भरते. ती बाहेरून न दिसणाऱ्या बाजूने भरते, म्हणून हवा आतून बाहेर मारायची. एअर फिल्टरच्या आतल्या एलिमेंटला कॉम्प्रेसर लावू नये, तो बदलायचाच असतो.

सेंट्रिंग: खरा पैसा इथे गळतो

जेसीबीवर सगळे बोलतात, प्लेटांवर (स्लॅब ओतताना खाली लावायच्या लोखंडी पत्र्यांवर) कोणी बोलत नाही. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबला ३ बाय २ च्या १६७ प्लेटा लागतात, १७० धरा. तीन फुटांवर एक याप्रमाणे जॅक (प्लेटांखालचे टेकू) ११० ते १३०. बीमचे गाले आणि तळ वेगळे. समजा प्लेटचं भाडं दिवसाला २ रुपये आणि जॅकचं ३. १७० प्लेटांचे ३४०, १२० जॅकचे ३६०, म्हणजे रोज ७००.

सेंट्रिंग बसवणं आणि लोहा बांधणं ६ दिवस, स्लॅब पडल्यावर ७ दिवस, खोलून परत पोहोचवणं २ दिवस. १५ दिवसांचे १०,५००. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे जॅक किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे साध्या ओपीसी सिमेंटसाठी. आपल्याकडे राखमिश्रित पीपीसीच जास्त वापरलं जातं, त्याला ताकद यायला वेळ लागतो, म्हणून इंजिनिअरला विचारून दिवस वाढवावे. इथे भाडं वाचवायला जाऊ नये.

भाडं वाचतं ते स्लॅबच्या आधी. लोहा बांधणारी टोळी दुसऱ्या साइटवर अडकली, इलेक्ट्रिशियनने पाइप टाकले नाहीत, घरमालकाने ऐनवेळी सनशेड वाढवला, असे ५ दिवस गेले की ३,५०० रुपये वर. एक तृतीयांश भाडं वाढलं, आणि ते कोणाच्याच बिलात लिहिता येत नाही. प्लेटच्या भावात दहा पैशांची घासाघीस करणारा माणूस हे पाच दिवस सहज सोडून देतो.

माल घेताना आणि देताना नग मोजून चलान करावं, चाव्या आणि जॅकच्या पिनांसकट. वाकलेली प्लेट येतानाच बाजूला काढायची, नाहीतर जाताना ती आपण वाकवलेली असते. वर्षाला १८० दिवस प्लेटा कामावर असतील तर मात्र त्या विकत घ्याव्यात. हजाराची प्लेट, दोन रुपये भाडं, ५०० दिवसांत वसूल, म्हणजे तीन वर्षांच्या आत. त्यात गोदाम, हमाली आणि वेल्डिंग धरायला विसरू नये. इंजिन नाही, ऑपरेटर नाही, पावसाळ्यात हप्ता नाही. घरं बांधणाऱ्याने पहिला पैसा इथे घालावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मिक्सर, व्हायब्रेटर हे छोटं सामान. एवढंच सांगतो, स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटरची दुसरी सुई साइटवर हवी. सुई काँक्रीटबाहेर चालू ठेवली की तापून जाते, आणि ती बहुतेक अर्धा स्लॅब झाल्यावरच जाते.

दहा लाखांचं बिल, हातात किती?

सरकारी कामाचं १० लाखांचं चालू देयक घ्या. वर १८ टक्के जीएसटी, ११ लाख ८० हजार. कापलं काय जातं? प्रोप्रायटर असाल तर आयकर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) १ टक्का, १० हजार. जीएसटी टीडीएस २ टक्के, २० हजार. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, १० हजार. सुरक्षा ठेव करारात ५ टक्के असेल तर ५० हजार. खात्यात आले १० लाख ९० हजार. पाहायला बिलापेक्षा जास्तच, आणि इथेच फसगत होते.

त्यातले १ लाख ८० हजार मुळात सरकारचे. रेती, गिट्टी, सिमेंट, लोह्यावर भरलेल्या कराचं १ लाख १० हजारांचं क्रेडिट असेल तर ७० हजार देणं राहतं. जीएसटी टीडीएसचे २० हजार पोर्टलवर स्वीकारले तरच कॅश लेजरला (पोर्टलवरच्या आपल्या खात्यात) येतात, बरेच जण हे करतच नाहीत. उरलेले ५० हजार खिशातून. आणि पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. गौण खनिजाचे (रेती, गिट्टी, मुरूम) वाहतूक पास जोडले नसतील तर रॉयल्टी याच बिलातून कापली जाते, म्हणून ट्रक खाली होतानाच पास फाइलला लावावा. ब्रास (१०० घनफूट) मोजताना ओली रेती फुगलेली असते हेही लक्षात असू द्यावं.

कामाच्या सुरुवातीला मिळालेली उचल मशीनच्या डाउन पेमेंटला वापरणं ही सगळ्यात महागडी चूक. ती उचल पुढच्या प्रत्येक बिलातून कापली जाते. तिकडे हप्ता सुरू, इकडे बिल कमी, आणि शनिवारी मिस्त्री-रेजांचा (मजूर बायांचा) चुकारा करायला कॅश क्रेडिटला, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाला, हात. खेळतं भांडवल मशीनमध्ये अडकलं की सिमेंट उधारीवर येतं, आणि उधारीचं सिमेंट रोखीच्या भावाने येत नाही.

कर्ज घेतानाच पावसाळ्याच्या चार महिन्यांचा हप्ता कमी आणि हिवाळ्याचा जास्त असा बांधून मागावा. बांधकाम यंत्रांना फायनान्स देणारे असा हप्ता देतात, मागितलं तर. वर धरलेले तासाचे ६० रुपये वेगळ्या खात्यात टाकावे, लॉगबुकातले महिन्याचे तास गुणिले ६०, तारीख ठरवून. १,४०० तासांचे ८४ हजार होतात. जूनमध्ये मशीन उभं करायच्या आधी तेच काढून होज, सील, बुशचं काम उरकावं. टाकी फुल ठेवावी म्हणजे आत दमट हवेचं पाणी धरत नाही, सिलिंडरचे उघडे रॉड ग्रीसने माखावे, बॅटरीची वायर काढावी, आणि पंधरा दिवसांतून एकदा मशीन चालू करून सगळे लिव्हर फिरवावे.