तारखेने नव्हे, तिथीने

आमच्या लग्नाचा वाढदिवस फेसबुक 30 एप्रिलला जाहीर करतं. आम्ही दोघं मात्र अक्षय्य तृतीया कधी आहे ते कालनिर्णयात बघत असतो.

लग्न झालं 2006 च्या अक्षय्य तृतीयेला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्यामुळे पंचांग उघडायचं काम नव्हतं. पण कार्यालय मिळवताना बाबा मेटाकुटीला आले होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, ती तूट अधिक महिना भरून काढतो. म्हणून आमचा वाढदिवस एप्रिल-मेमध्ये हिंडत असतो. 2010 ला तर वैशाखच अधिक आला आणि आम्ही 16 मेपर्यंत ताटकळलो. नवऱ्याला ते फार जड गेलं. त्याच्या घरी अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी आंबा तोंडात घालत नाही, आणि बाजारात तर पेट्यांवर पेट्या!

19 वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. 2025 ला 30 एप्रिललाच अक्षय्य तृतीया आली, तेव्हा भाचरं केक घेऊन हजर झाली. ‘मामी, अंडं नाहीये!’ हे दारातूनच ओरडून सांगितलं. खाल्ला की आम्ही. केकशी माझं वैर नाही, हॉटेलशीही नाही. फक्त आपणच आपले लाड करायचे आणि बिल भरून घरी यायचं, यात मला काही राम वाटत नाही.

आमचा खरा सोहळा म्हणजे मेहूण जेवू घालणं. सुरुवातीची काही वर्षं नात्यातलीच जोडपी बोलावली. मग सासूबाईंनी सुचवलं, गुरुजींनाच सपत्नीक बोलवा. गुरुजींना अक्षय्य तृतीयेला बोलावणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे तोच जाणे. एक वास्तुशांत, एक साखरपुडा, कुणाच्या तरी दुकानाची पूजा... आले तेव्हा तीन वाजून गेले होते. पुऱ्या तळायच्या थांबवल्या होत्या, आमरस फ्रीजमध्ये. काकू मात्र बाराच्या आधीच येऊन माझ्याबरोबर आंबेडाळीला फोडणी घालत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, ‘अगं, सणावाराला हे कायम दुसऱ्यांकडे. मेहूण म्हणून आम्ही दोघं जोडीने पाटावर बसलो ते कधी, मला आठवतसुद्धा नाही.’

दोघांचे पाय धुतले. गुरुजींना गंध, काकूंना हळदकुंकू. ताटांभोवती रांगोळी. ओटी भरताना काकूंचे डोळे भरून आले आणि गुरुजी उगाचच कुरडईची तारीफ करू लागले. इतरांच्या घरी मंत्र सांगणारा माणूस स्वतः पाटावर बसला की किती अवघडतो, हे तेव्हा दिसलं.

त्या दिवशी उदककुंभाचं दानही असतं. मातीची घागर, वाळ्याचं पाणी, वर आंबा आणि दक्षिणा. ते रीतसर होतंच. शिवाय नवऱ्याने रिक्षा स्टँडवर एक रांजण ठेवलाय आणि वैशाख संपेपर्यंत रोज सकाळी तो भरणं त्याच्याकडे. रांजण घासणं माझ्याकडे. वाढदिवसाची भेट म्हणून काथ्या आणि बादली मिळालेली बायको बहुधा मीच.

रात्री सगळं आवरलं की देवासमोर बसून सप्तपदीची सात वाक्यं वाचतो. ही मात्र आमचीच पद्धत, शास्त्रात शोधू नका. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, ही दोन सरळ जातात. तिसऱ्याला ‘रायस्पोषाय’ आलं की धनाबरोबर गृहकर्जही आठवतं आणि हप्त्यांचा विषय अर्धा तास चालतो. कधी त्यावरून भांडणही होतं. पण ‘सखा सप्तपदी भव’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही हा नेम आहे, त्यामुळे भांडण तिथल्या तिथेच मिटवावं लागतं. एकदा रात्रीचा एक वाजला होता.

यंदा अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला, रविवारी आहे. मेहूण म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या दादा-वहिनींना सांगून ठेवलंय. वहिनींना पुरणपोळी आवडते असं कळलं, म्हणजे यंदा पुऱ्या रद्द. हापूस एवढ्या लवकर परवडला तर ठीक, नाहीतर पायरीचा रस.