तांबडा जमेपर्यंत

सावंतवाडीत अण्णांनी छापखाना सुरू केला तो एका ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशावतारी नाटकांची हँडबिलं, आणि एप्रिल उजाडला की आंब्याच्या पेट्यांची लेबलं. अक्षरांचे खिळे जुळवायला मी शाळेत असतानाच शिकले. पुढे ट्रेडल गेलं, एकरंगी ऑफसेट आलं, अण्णा थकले आणि कारभार माझ्याकडे आला. ही वर्षं मी भराभर सांगून टाकते, कारण आम्ही छापखानेवाल्यांचे प्रकाशक झालो ते एका बत्तीस पानी पुस्तकामुळे.

चितार आळीत भाचीला घेऊन गेले होते. लाकडी आंबे-केळी रंगवत एक आजी बसल्या होत्या. पोर बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिली आणि परतताना म्हणाली, "मावशी, चित्रां काढणाऱ्या बायकांचा पुस्तक असता काय गो?" माझ्याकडे दाखवायला एकही नव्हतं. छापखाना घरचा असून नव्हतं, हे मला फार लागलं.

मग तसं पुस्तक आपणच काढायचं ठरवलं. चित्रकार अमृता शेरगिल आम्ही निवडली ती रंगासाठी. तिचा जन्म 1913चा, बुडापेस्टमधला. आई हंगेरियन, वडील शीख. लहानपणाची बरीच वर्षं सिमल्यात गेली, सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेली. तिथल्या तिच्या प्राध्यापकांना वाटायचं, की या मुलीचे रंग इथल्या करड्या स्टुडिओंत रमायचे नाहीत, त्यांना पूर्वेचा उजेड हवा. 1934च्या शेवटी ती परत आली. दोन वर्षांनी मुंबईतल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आली, ती अजिंठा-वेरूळ बघून पुढे पार दक्षिणेपर्यंत गेली. 'ब्रह्मचारी', 'वधूचा शृंगार' ही चित्रं त्या प्रवासानंतरची, 1937ची. अजिंठ्याच्या भिंतींवरचे गेरू आणि पिवळी माती तिच्या कॅनव्हासवर उतरली, असं मला ती चित्रं बघताना दरवेळी वाटतं. आमच्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. पावसाळ्यात त्यांच्या पायांना लागते तीच माती.

चित्रं माझ्या मैत्रिणीने काढली. अमृताच्या चित्रांच्या नकला करायच्या नाहीत, तिचं आयुष्य आपल्या रेषेत सांगायचं, पण तांबडा मात्र तिचाच हवा, यावर आमचं एकमत होतं. तेवढ्यासाठी आम्ही दोघी कोकण रेल्वेने दिल्लीला गेलो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'तीन मुली'समोर उभ्या राहिलो. 1935चं हे चित्र, त्याला 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. मैत्रिणीने वहीत तांबड्याच्या पट्ट्या रंगवून नेल्या होत्या. एकेक पट्टी दुरूनच नजरेने लावून बघत होती. सतरा पट्ट्यांपैकी दोन जवळ आल्या. एवढा वेळ एका रंगाकडे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि छपाईला मुहूर्त कुठला, तर आषाढ. शाळा सुरू झाल्या होत्या, मला घाई झाली होती. एकरंगी मशीनवर चार रंग म्हणजे तोच ताव चार वेळा आत जाणार: निळा, मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, काळा. आमच्याकडच्या पावसात कागद दोन फेऱ्यांच्या मधे हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. मग दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही, रजिस्टर हलतं. बाइंडिंगच्या काकींनी पहिला फर्मा, म्हणजे एका तावावर एकत्र छापलेली पानं, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हो तांबडो नाय गो, हो गुलाबी. आणि चेडवाचो डोळो गालार इलो." पहिल्या फर्म्याचे सगळे ताव रद्दीत गेले. त्या रात्री अण्णा काही बोलले नाहीत. रद्दीतला एक ताव मात्र त्यांनी घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवला.

नवरात्र संपेपर्यंत थांबलो. कागद वेष्टनात ठेवला, ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी फोडला आणि सगळ्या फेऱ्या त्याच दिवशी संपवल्या. तांबड्याचा प्रश्न अण्णांनी सोडवला. मजेंटा-पिवळ्याच्या ठिपक्यांतून तो जडपणा येणार नाही, म्हणाले. त्यांनी काचेवर शाई घोटून वेगळा तांबडा तयार केला. पाचवी प्लेट, पाचवी फेरी. खर्च वाढला, पण त्यात काटकसर करायची माझी तयारी नव्हती. अमृताचं पुस्तक काढायचं आणि तांबडा फिका छापायचा, याला काही अर्थच नव्हता.

शेवटच्या पानांवरून मात्र बरीच चर्चा झाली. 1941च्या डिसेंबरात, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अमृता लाहोरला वारली. मुलांच्या पुस्तकात मरण नको, असं अनेकांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. कोकणातल्या घरांत मुलं आजी-आजोबांच्या उशाशी बसलेली असतात, त्यांना मरण माहीत असतं. तिचं शेवटचं चित्र अपुरं राहिलं, त्यात काळ्या म्हशी आहेत. आम्हीही शेवटच्या जोडपानावर म्हशी रंगवल्या आणि बाकी सगळं पेन्सिलीच्या रेषांत सोडलं. एका दुकानदाराने छपाई अर्धवट आहे म्हणून प्रती परत पाठवल्या.

वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत मी पुस्तक वाचून दाखवलं, तेव्हा त्या पानावर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि विचारलं, "आमी रंगवला तर चलात?" तिच्या प्रतीतल्या मोकळ्या जागेत आज नारळ आहेत, एक होडी आहे आणि घराचं छप्पर तांबडं आहे.

त्या पानासाठी दुसऱ्या आवृत्तीत आम्ही कागद बदलतोय. गुळगुळीत आर्ट पेपरवर खडू धरत नाही, म्हणून शेवटचं जोडपान खरखरीत कागदावर घ्यायचं ठरलंय. छपाई दिवाळीनंतर. तांबड्या शाईचा डबा अण्णांनी आताच बाजूला काढून ठेवलाय.