कार्बोरेटर जुळला आणि ड्रायव्हरांशीही जमलं

बाईकचं पिकअप अडखळत असेल तर पुण्याच्या रस्त्यावर नीट वागायची कितीही इच्छा असो, ते जमत नाही. माझी गाडी जुनी, १५० सीसीची. २०२० मध्ये बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यापासून जवळजवळ सगळ्या नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या येतात, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडणाऱ्या. माझी कार्बोरेटरवाली, त्यात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण एक यांत्रिक भाग करतो. सातारा रस्त्याला बस ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर पिळला की ती क्षणभर गप्प व्हायची, मग एकदम उसळायची. तो क्षण नेमका बसच्या शेजारी जायचा, ड्रायव्हरला मी आरशात दिसत नाही अशा जागी. तो स्टॉपवरून निघून उजवीकडे यायला लागायचा आणि मी धड पुढे नाही, धड मागे नाही. सिग्नलला स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन संथ चालू राहणं, लागत नसे, म्हणून सारखी रेस देत उभं राहायचं. पुढच्या रिक्षावाल्याला वाटायचं, मला घाई झालीय. तो वळून बघायचा आणि त्याचं चुकत नव्हतं.

एका गॅरेजमध्ये नुसता स्लो वाढवून दिला. गाडी बंद पडायची थांबली, पण ॲक्सिलरेटर सोडला तरी पुढे रेटत राहायची. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना इंजिनचा ब्रेक लागेना, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला आवरेना, सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज यायचा. त्या लांब उतारावर मागे भरलेले ट्रक असतात. तिथे माझा वेग नक्की किती कमी होणार हे मागच्या माणसाला कळलंच पाहिजे.

मग स्वतःच हात घातला. आधी स्पार्क प्लग काढला. टोक बिस्किटासारखं तपकिरी हवं. काळं पडलं तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं तर हवा जास्त. माझं पांढरं होतं. तरी कार्बोरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूला लगेच हात लावला नाही. एअर फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लगचा गॅप हे आधी बघायचं, नाहीतर एक दोष झाकायला दुसरा तयार होतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला बारीक भेग होती, तिथून चोरून हवा आत जात होती. रबर नाना पेठेत मिळालं. तोवर कार्बोरेटर उघडलाच होता, म्हणून पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, काढून उजेडात धरला. भोक अर्धं बुजलेलं. यात तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला. क्लीनरचा स्प्रे आणि पंपाची हवा यांनीच ते साफ झालं.

ट्यूनिंग मात्र सावकाश करायचं काम आहे. इंजिन चांगलं गरम हवं, म्हणून एक फेरी मारून आलो. गाडी सोसायटीच्या मोकळ्या अंगणात लावली. बंद पार्किंगमध्ये हे करू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते नीट बघावं. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, म्हणजे आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तिथे उलट. निम्मा गोंधळ इथेच होतो. स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत नेला आणि दीड फेरा बाहेर घेतला. मग पाव-पाव फेरा फिरवत कान देऊन ऐकत राहिलो. एका बाजूला आवाज मंद होतो, दुसऱ्या बाजूलाही होतो, मधे एका जागी इंजिन सर्वात मोकळं चालतं. तिथे थांबलो आणि स्लो खाली आणला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, रेस वाढत नाही ना. वाढली तर केबल ताणलेली असते.

आता ॲक्सिलरेटर पिळला की गाडी लगेच निघते, सोडला की लगेच आवरते. म्हणून मला थांबायला जमतं. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही मी दिसत नाही, हे धरून मी मागेच राहतो. जागा मिळाली की इंडिकेटर देऊन एका दमात पुढे जातो. ओव्हरटेक केल्यावर त्याच्यासमोर लगेच आत शिरत नाही, भरलेल्या ट्रकला थांबायला खूप जागा लागते. डावीकडे वळणाऱ्या लांब गाडीच्या आतल्या बाजूला घुसत नाही, तिची मागची चाकं वळणावर आत येतात. दिवे घाटात चढणाऱ्याला वाट देतो, समोरून गाडी दिसली की दिवा अपरवरून डिपरवर घेतो. कुणी बाजू दिली तर हात वर करतो. बहुतेक ड्रायव्हर हात करून किंवा बारीक हॉर्न देऊन उत्तर देतात, आणि ते मला फार आवडतं.

सिंहगडावर अजून गाडी थोडी जड वाटते. पुणे साधारण ५६० मीटरवर, गड १३०० च्या आसपास. वर हवा विरळ, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त पडतं. कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली तर तिथे फरक पडेल, पण माझी रोजची ये-जा कोथरूड ते हडपसर. सुई आहे तिथेच ठेवलीय.