सिरियल पोर्टचं बाइंडिंग लिहिताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या शेडमधले वीजमीटर आरएस-४८५ वरून (एकाच तारजोडीवर अनेक उपकरणं जोडणारी सिरियल लाइन) लिनक्स बोर्डानं वाचायचे असतील, तर ड्रायव्हरच्या आधी बाइंडिंग पक्कं करा. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, या सिरियल पोर्टबद्दल काय लिहायचं, कोणत्या एककात, सक्तीचं काय, हे त्यात ठरतं. जकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यासारखंच आहे हे: भोक चुकलं तरी माग थांबत नाही, चुकीची नक्षी विणत राहतो.

सगळ्यात जास्त घोळ क्लॉकचा. १६५५० जातीच्या यूएआरटीत, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपमध्ये, भाजक म्हणजे क्लॉक भागिले (१६ गुणिले बॉड); बॉड म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग. २४ मेगाहर्ट्झ आणि ११५२०० धरलं तर १३.०२ येतं, १३ वापरलं की चूक ०.१६ टक्के, चालतं. पण बोर्डावर क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा असेल आणि क्लॉक-फ्रीक्वेन्सीत २४ लिहिलं, तर भाजक १३ च राहतो आणि प्रत्यक्ष वेग १२०१९२ होतो. ४.३ टक्के फरक, स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणून बाइंडिंगमध्ये क्लॉक्स किंवा क्लॉक-फ्रीक्वेन्सी यांपैकी एक सक्तीचं करा.

दुसरं रेग-शिफ्ट, म्हणजे चिपची रजिस्टरं (तिचे छोटे नियंत्रण-कप्पे) किती अंतरावर आहेत ते. रजिस्टर चार-चार बाइट अंतरावर असतील तर २. हे राहिलं की लाइन स्टेटस रजिस्टर (पोर्टची स्थिती सांगणारं) २० व्या बाइटऐवजी ५ व्यावर शोधलं जातं आणि पोर्ट मुका होतो. आठ रजिस्टर म्हणजे ३२ बाइट, तेव्हा रेगमधली (चिपचा पत्ता आणि लांबी देणारा गुणधर्म) लांबीही तेवढी हवी. बस फक्त ३२ बिटांनीच वाचू देत असेल तर रेग-आयओ-विड्थ (एका वेळी किती बाइट वाचायचे) ४.

आलेला डेटा साठवणारा रिंग बफर केवढा ठेवायचा, ही ड्रायव्हरची मर्जी. ती इथं घुसडू नका. कंपॅटिबलमध्ये (ड्रायव्हर ज्यावरून चिप ओळखतो त्या गुणधर्मात) चिपचं नेमकं नाव द्या, ‘एक्स’ घालून अख्खं खानदान एका नावात कोंबू नका.

आरएस-४८५ साठी आरटीएस-डिले मिलिसेकंदात असतो, दोन आकडे: पाठवण्याआधी आणि नंतर. लाइनवर पाठवणं चालू ठेवणारा ड्रायव्हर-इनेबल सिग्नल (इथं आरटीएस) लवकर सुटला तर शेवटचा बाइट कापला जातो. नंतरचा आकडा फुगवला तर मीटरच्या उत्तराचे पहिले बाइट गिळले जातात. ९६०० बॉडवर मॉडबसची (मीटर ज्या भाषेत बोलतात तिची) दोन संदेशांमधली साडेतीन अक्षरांची शांतता जेमतेम ४ मिलिसेकंद, त्यामुळे ५-१० असले आकडे ‘सेफ’ म्हणून टाकू नका.

स्कीमा, म्हणजे बाइंडिंगची नियमावली, यॅमल फाइलीत लिहा, टॅब न वापरता. सिरियल आणि आरएस४८५ च्या सामायिक फाइलींचा संदर्भ दिलात, तर शेवटी अनइव्हॅल्युएटेडप्रॉपर्टीज फॉल्स (कुठंच न सांगितलेला गुणधर्म चालणार नाही) लिहा. तिथं अॅडिशनलप्रॉपर्टीज लिहिलं की सामायिक फाइलीतले गुणधर्मही नाकारले जातात, आणि नवखा माणूस तासभर याच चुकीवर अडकतो. मग मेक डीटी_बाइंडिंग_चेक ही आज्ञा चालवून बाइंडिंग तपासा. उदाहरणातल्या नोडच्या (उपकरणाच्या नोंदीच्या) नावात पत्ता असून रेगच नसेल तर तेही इथंच पकडलं जातं. बोर्डाच्या फाइली मेक डीटीबीएस_चेकनं तपासा.

कर्नलला पॅच (बदल) पाठवताना बाइंडिंगचा वेगळा, ड्रायव्हरच्या आधी.