दोनवर मोटर

बटणाच्या फोनात स्पीड डायल नावाची एक सोय असते. एकेक आकडा एकेका माणसाच्या नावे करून ठेवायचा. तो दाबून धरला की फोन थेट त्या माणसाला. एकवर बहुतेक फोनांत व्हॉइसमेल ठाण मांडून बसलेला असतो, जो आपल्याकडे कुणी वापरताना मी पाहिलेला नाही. शून्याचं काम वेगळं. वाटायला उरतात दोन ते नऊ. त्यातही सरकारचा वाटा आहे. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांत संकटाचं बटण हवंच असा नियम आला आणि साध्या फोनात ते पाच किंवा नऊ या आकड्यावर द्यायचं ठरलं. दाबून धरलं की मदतीसाठी ११२. म्हणजे जागा उरल्या सात. या सात जागांत तीन पोरं, सुना, जावई, दीर, डॉक्टर, वायरमन, डेअरी आणि आल्याचा व्यापारी बसवायचे. लग्नात आहेरावरून रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढणं यापेक्षा सोपं असतं.

आमच्या आत्याचा फोन बदलायचं ठरलं आणि हे काम माझ्याकडे आलं. भाचा शहरात कॉम्प्युटरवर बसतो म्हणजे त्याला फोनमधलं सगळं कळतं, असा तिचा समज आहे. तो मी मोडलेला नाही. आत्या सत्तरी उलटलेली, कोरेगाव तालुक्यात राहते. शेत अजून स्वतः बघते. थोरल्याने तिला मध्यंतरी चांगला स्मार्टफोन घेऊन दिला होता. तो आता डब्यासकट कपाटात आहे, लुगड्यांच्या घडीखाली.

"त्येला माझं बोट कळंना, मला त्यो कळंना. म्हटलं ऱ्हा बाबा निवांत," असं तिचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. टचचा पडदा बोटामुळे होणाऱ्या विजेच्या बारीकशा फरकावर चालतो. खुरप्याने घट्टे पडलेलं कोरडं बोट त्याला नीट उमगत नाही आणि ओलं बोट एकदम नको इतकं उमगतं. आत्याचं बोट दिवसभर या दोहोंपैकी एका अवस्थेत असतं. बटणाला त्याचं काही सोयरसुतक नाही. दाबलं की खट् वाजतं, आणि दाबल्याचं दाबणाऱ्याला कळतं.

कोरेगावच्या दुकानदाराने फोन दाखवायच्या आधी विचारलं, "सिम कुठलंय?" प्रश्न बरोबर होता. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं, त्यामुळे सगळ्यांत स्वस्त २जी फोन त्या सिमला चालत नाही. दिसायला दोन्ही फोन सारखेच, तीच बटणं, तोच बोटभर पडदा. हे न विचारता फोन नेणारे दुसऱ्या दिवशी परत येतात आणि दुकानदाराशी भांडतात, असं त्यानेच सांगितलं. आम्ही ४जीचा घेतला. मग सिमची गोची. हल्ली सिम तिन्ही मापांच्या खाचा पाडून येतं, पण आत्याचं स्मार्टफोनसाठी मोडून सगळ्यांत लहान केलेलं. साध्या फोनची खाच मोठी. त्यासाठी प्लॅस्टिकची एक चौकट मिळते. दुकानदाराने ती गल्ल्याच्या ड्रॉवरमधून काढून तशीच दिली.

मागचं झाकण नखाने उचकटायचं, बॅटरी उपसायची, तिच्या पोटाखाली सिम सरकवायचं, हा विधी मला मनापासून आवडतो. नव्या स्मार्टफोनांना उघडायला जागाच ठेवलेली नसते. इथे बॅटरी हातात येते, तिचं वजन कळतं, तिच्यावरचे पितळी ठिपके धोतराच्या सोग्याने पुसणारे लोक मी पाहिलेत. नोकियाच्या जमान्यातली ती चपटी बीएल-५सी तर आता कुठल्याकुठल्या रेडिओत आणि स्पीकरांत बसते. आत्याचा पहिला फोन त्याच घराण्यातला, नोकिया ११००. २००३ साली आलेला तो फोन बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्या मुलुखाचा विचार केला होता. धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबरी आवरण, घामट हातातून निसटू नये म्हणून बाजूंना खडबडीत पट्ट्या आणि माथ्यावर विजेरी. जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. आमच्या गावाकडे तो बोलण्याइतकाच विजेरीसाठी खपला असावा, असं मला वाटतं. नव्या फोनचा डबा उघडल्यावर आत्याचा पहिला प्रश्नही तोच, "बॅटरी हाय का त्येला?" बॅटरी म्हणजे विजेरी. होती.

फोन सुरू झाला आणि तारीख-वेळ विचारू लागला. घड्याळ आत्याने मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावून घेतलं, एसटीसाठी. मग नंबर. ते तिच्याकडे दोन ठिकाणी होते: काही सिमवर आणि बाकीचे कालनिर्णयच्या मागे. दरवर्षी नवं कालनिर्णय आलं की ती नातीला बसवून जुन्यावरचे नंबर नव्यावर उतरवून घेते. वारलेल्यांचे आणि भांडलेल्यांचे त्या वेळी आपोआप गळतात. फोनच्या यादीत अशी सोय नाही. सिमवर 'पाटील बोर' असं एक नाव निघालं. हा बोअर मारणारा पाटील की कंटाळा आणणारा, यावर थोडा वेळ गेला. दोन्ही, असं शेवटी ठरलं.

नावं मी इंग्रजी अक्षरांत भरली. एस हवा तर सातवर चारदा दाबायचं, चुकून पाचव्यांदा दाबलं की गाडी पुढे निघून जाते, परत फेरा. मराठीही येत होतं फोनात, पण एकेका जोडाक्षराला किती दाबादाबी लागते ते पाहून मी नाद सोडला. एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात आणि देवनागरीत ७०. त्या सत्तरातही काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात, जोडाक्षरातला हलन्तसुद्धा. 'ज्ञानेश्वर' लिहिलं की दहा संपली. रेड्याच्या तोंडून वेद वदवणाऱ्याचं नाव एसएमएसला असं जड जातं. आत्या एसएमएस लिहीत नाही, पण ठेवते सगळे. गॅसचा, बँकेचा, महावितरणचा. रोज येणाऱ्या लॉटरीवाल्यांचेही तिने जपून ठेवले होते, सरकारी कागद म्हणून. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे मी तिच्याकडून घोकून घेतलं. तिने ते इतकं मनावर घेतलं की गॅसवाल्या पोरालाही आधी सांगेना आणि सिलिंडर दारातून परत निघाला होता.

रिंगचा आवाज मोठा लावला, तरी आत्या फोन पहिल्या रिंगला उचलत नाही. आधी रिंगा मोजते. ही जुनी सवय. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला, तेव्हापासून पुढची काही वर्षं आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. १ मे २००३ पासून ते बंद झालं, पण लावणाऱ्याला पडतच राहिले आणि त्यातून मिस्ड कॉलची भाषा जन्माला आली. आमच्याकडे एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर, तीन म्हणजे उचल, काम आहे. आता बोलणं कितीही करा, दर तोच. पण आत्याची लेक कराडला पोचली की अजून एक रिंग देऊन बंद करते.

पैशाची गंमत आता उलटी झाली आहे. बोलणं फुकटासारखं आणि रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारा फोनही बंद. शिवाय जे इंटरनेट या फोनवर कुणी बघणार नाही, त्याचेही पैसे भरायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलून नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेल्या योजना ठेवणं कंपन्यांना भाग पाडलं, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल अशी केली. हे व्हायला इतकी वर्षं का लागली असतील याचं उत्तर मला ठाऊक आहे, तुम्हालाही असेल. दुकानदार मात्र अजून रोजच्या दीड जीबीचंच आधी सांगतो. साधी योजना नाव घेऊन मागावी लागते.

हे सगळं झाल्यावर स्पीड डायल. ओसरीवर बसून मी विचारलं, "दोनवर कुणाला घालू?"

"मोटरीला."

विहीर ओढ्यापलीकडे, आल्याच्या प्लॉटला ठिबक. शेतीच्या लाईटची पाळी असते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. पूर्वी रात्रपाळीत कुणीतरी कंदील घेऊन, पुढे ११०० च्या विजेरीवर, ओढा ओलांडून स्टार्टर दाबायला जायचं. साप-किरडूचं भ्या. आता स्टार्टरला मोबाईलचं यंत्र जोडलेलं आहे. पुण्यात बनलेलं 'नॅनो गणेश' या कामात बरंच जुनं, नंतर अनेक कंपन्यांची आली. त्या यंत्रात स्वतःचं सिम असतं, म्हणजे मोटरीला स्वतःचा नंबर आणि स्वतःचा रिचार्ज. आत्याच्या मोटरीला फोन लावला की ती उचलते. मग एक दाबलं की चालू, दोन दाबलं की बंद, आणि एक बाई मराठीत सांगते की मोटर चालू झाली आहे. घरातल्या दोघातिघांपेक्षा मोटरीचा स्वभाव चांगला, असं आत्याचं मत. ती पहिल्या झटक्यात फोन उचलते.

तरी मी म्हटलं, अगं, पोरांना आधी दे. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि डोळे मिटून अंगठा बटणांवर फिरवला. पाचवर बारीक उंचवटा असतो, न बघता बोटाला मधलं बटण सापडावं म्हणून. तो तिला ११०० पासून माहीत होता. "ह्यो गड्डा. त्येच्या वर दोन, त्येच्या खाली आठ. रातच्याला अंधारात ही दोनच घावत्यात. पोरास्नी काय, दिसा कवाबी लावता येतंय."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दोनवर मोटर, आठवर भिंतीपलीकडचा दीर, पाच सरकारकडे. तीनवर कराडची ताई. चारवर थोरली सून. थोरला स्वतः नाही, कारण तो मीटिंगमध्ये असतो आणि ती उचलते. सहावर डॉक्टर, सातवर बडोद्याचा धाकटा. नऊवर आल्याचा व्यापारी. वायरमन, डेअरी आणि जावई यादीत, वर-खाली बटणाने शोधायचे. मी स्वतःसाठी शब्द टाकला नाही.

दिवाळीला सगळे जमले. थोरल्याने सहज फोन बघायला घेतला आणि आपण कुठेच नाही, आपली बायको चारवर आहे आणि पहिला मान मोटरीला आहे, हे त्याच्या लक्षात आलं. कुणाला काही बोलला नाही. दोनवर स्वतःचा नंबर घातला आणि पुण्याला निघून गेला.

पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. आत्या गजराने उठली, गड्ड्याच्या वरचं बटण दाबून धरलं, पलीकडून उचललं गेल्याचं पडद्यावर दिसताच एक दाबलं आणि फोन कानाला लावला. बाईचा आवाज येईना. कुणी बाप्या ओरडत होता. पुण्यात थोरल्याला रात्री दोन वाजता आईचा फोन आलेला, उचलला तर टूं असा आवाज, तो अंथरुणात उठून बसलेला, "आई? काय झालं? आई, बोल की!" आत्याला वाटलं मशीन बिघडलं. तिने आणखी दोनदा एक दाबलं. टूं, टूं. मग आवाज ओळखीचा वाटला तेव्हा तिने त्यालाच विचारलं, "मोटर का चालू हुईना रं?"

त्या रात्री दीर ओढा ओलांडून गेले, विजेरी घेऊन.

सकाळी थोरल्याचा मला फोन. दोनवर मोटर परत टाक, म्हणाला. टाकतो म्हटलं, पुढच्या खेपेला गावी गेलो की. मग जरा थांबून त्याने विचारलं, नऊ मिळेल का? मी आत्याला विचारलं. नऊवर व्यापारी आहे, आणि आल्याचा माल निघेपर्यंत तो हलायचा नाही.